कराची किती लांब?

मुंबईला सर्वांत जवळचं परदेशी महानगर कोणतं, असं विचारलं तर बहुतेक जण दुबई म्हणतील, एखादा कोलंबो. खरं उत्तर कराची आहे, आणि दुसरा क्रमांक तिच्या आसपासही येत नाही. मुंबई आणि कराचीच्या विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर. कोलंबो सव्वापंधराशेच्या घरात, मस्कत आणि काठमांडू सोळाशेच्या आसपास, ढाका एकोणीसशे, दुबई त्याहून थोडं पुढे. परदेश कशाला, मुंबई–दिल्ली हेच अंतर साडेअकराशे किलोमीटर भरतं. मुंबईकराला स्वतःच्या राजधानीपेक्षा कराची जवळ आणि कराचीकराला इस्लामाबादपेक्षा मुंबई जवळ, असा हा भूगोल आहे.

अंबरनाथच्या मोरिवलीतून मोजलं तर रेषा थोडी लांबते, ८९० किलोमीटरपर्यंत जाते. अंबरनाथ ते सीएसएमटी साठ किलोमीटर. फास्ट लोकल मिळाली तर सव्वा तास, स्लो असेल तर दीड तास आणि वर. मुंबई–कराची विमान चालू होतं तेव्हा त्याच्या वेळापत्रकातही दीड-पावणेदोन तासच असायचे. मोरिवलीतल्या माणसाला सीएसएमटी गाठायला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढ्यात सांताक्रूझहून उडालेला माणूस कराचीत उतरायचा. आज तो उतरू शकत नाही, विमानच नाही. दुबईमार्गे गेला तर थांब्यासकट उभा दिवस जातो, जमिनीवरची वाघाची वाट उघडी होती तेव्हा तिने जाण्यासाठी आठवड्याचं गणित मांडावं लागायचं, आणि मुळात व्हिसा मिळेल का हा प्रश्न या दोन्हींच्या आधीचा. हा लेख अंबरनाथच्या या टोकावरून लिहिण्याचं कारण शेजारीच आहे. उल्हासनगरचे कॅम्प नंबर चार आणि पाच ओलांडले की अंबरनाथ सुरू होतं, आणि त्या कॅम्पांमध्ये शहर वसलं ते ज्या लोकांमुळे, त्यातले बरेच जण कराचीच्या बंदरातूनच बोटीवर चढले होते.

आधी वेळेचा हिशेब उरकून घेऊ. विमानाचा वेळ अंतराला वेगाने भागून निघत नाही. जेट विमान उंचीवर ताशी आठशे-साडेआठशे किलोमीटर जातं. त्या हिशेबाने कराची तासाभरात यायला हवी. पण धावपट्टीच्या रांगेत उभं राहणं, वर चढणं, उतरण्याआधी घिरट्या घालणं, फाटकापर्यंत सरपटणं हे सगळं जमेस धरून कंपनी दीड तास छापते. एवढ्याशा प्रवासात विमान वर स्थिरावतं न स्थिरावतं तोच खाली यायला लागतं. हिवाळ्यात वरच्या थरातले पश्चिमेकडचे वारे जोरात असतात, त्यामुळे जाताना काही मिनिटं जास्त, येताना काही कमी. त्यात घड्याळाची गंमत वेगळी. पाकिस्तान आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. फाळणीनंतर चारेक वर्षं दोन्ही शहरांचं घड्याळ एकच होतं. १९५१ साली पश्चिम पाकिस्तानने आपलं घड्याळ मागे घेतलं. म्हणून सकाळी आठला मुंबईहून निघालेलं विमान दीड तास उडूनही कराचीत नऊला पोचायचं. २००८ आणि २००९च्या उन्हाळ्यात पाकिस्तानने घड्याळं तासभर पुढे केली, तेव्हा काही महिने तर कराचीच मुंबईच्या अर्धा तास पुढे होती.

या मार्गाची गोष्ट मात्र जेटच्या फार आधी सुरू होते, आणि भारतीय विमानवाहतुकीचा इतिहास लिहायचा तर पहिलं वाक्य याच मार्गाबद्दल लिहावं लागतं. १५ ऑक्टोबर १९३२ला सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एकट्याने पस मॉथ हे एक इंजिनाचं छोटं विमान घेऊन निघाले. सोबत प्रवासी नव्हता, टपालाची पोती होती. वाटेत अहमदाबादला इंधन भरलं. तिथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणलेले होते, हा तपशील टाटांच्या चरित्रांत हटकून येतो आणि तो यायलाच हवा. दुपारी दोनच्या जरा आधी ते जुहूला उतरले. सव्वासात तास. तिथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. टाटा एअर सर्व्हिसेसचं, म्हणजे पुढच्या एअर इंडियाचं, हे पहिलं उड्डाण.

सुरुवात कराचीहून का झाली? कारण त्या वेळी हिंदुस्थानचं हवाई दार मुंबई नव्हतं, कराची होतं. इम्पीरियल एअरवेजने १९२९पासून लंडन–कराची टपाल सुरू केलं होतं, आणि विलायतेचं पत्र आधी कराचीत उतरायचं. ब्रिटिशांना तर तिथे हवाई जहाजांचा मोठा तळ उभारायचा होता. आर-१०१ हे प्रचंड हवाई जहाज इंग्लंडहून कराचीलाच निघालं होतं. ५ ऑक्टोबर १९३०ला ते फ्रान्समध्ये कोसळून जळालं. त्याच्यासाठी कराचीत बांधलेली अजस्र शेड पुढची अनेक वर्षं रिकामी उभी राहिली. लोक तिला ‘काला छप्परा’ म्हणत. मुंबईला तेव्हा धड विमानतळही नव्हता. जुहूची पट्टी पावसाळ्यात पाण्याखाली जायची, तेवढे महिने टाटांचं टपाल पुण्याहून चालायचं. आज कराचीचं नाव काढलं की ती आडबाजूला पडलेली वाटते. शंभर वर्षांपूर्वी आडबाजूला मुंबई होती. १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, टाटांनी तशाच एका जुन्या छोट्या विमानातून कराची–मुंबई हा प्रवास पुन्हा एकट्याने केला. तीन युद्धं होऊन गेली होती, तरी ते जमलं. आज असा कुणी वैमानिक उभा राहिला तर त्याला परवानगी कुठल्या दाराशी मागायची तेच कळणार नाही.

विमानं हा मूठभरांचा मामला होता. सामान्य माणूस कराचीला जायचा तो बोटीने. सागरी अंतर पाचशे मैलांच्या आसपास, प्रवास दोन-तीन दिवसांचा. रेल्वेनेही जाता यायचं, पण ती वाट लांबची आणि कटकटीची : अहमदाबादपर्यंत ब्रॉडगेज, मग मारवाडातून मीटरगेजने सिंध हैदराबाद, आणि तिथे पुन्हा गाडी बदलून कराची. तरी माणसं जात होती, कारण कराची परमुलूख नव्हतीच. १८४७पासून १ एप्रिल १९३६पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. कराचीचा कलेक्टर मुंबईच्या गव्हर्नरला उत्तर द्यायचा. शाळाखातं, महसूल, टपाल, बंदर यांत मराठी माणसं तिकडे बदलून जायची. त्यांपैकी नारायण जगन्नाथ वैद्य यांचं नाव कराचीत अजून आहे. सिंधमधल्या शिक्षणखात्यातला हा मराठी अधिकारी. कराचीतली पहिली सरकारी शाळा, १८५५ सालची, त्यांच्याच नावाने ओळखली जाते : नारायण जगन्नाथ हायस्कूल. रत्नागिरीकडचे खलाशी आणि कोकणी मुसलमान व्यापाराच्या व नोकरीच्या निमित्ताने गेले आणि तिथेच राहिले. कराचीत कोकण सोसायटी नावाची वस्ती आहे. काही मराठी हिंदू कुटुंबंही मागे राहिली. त्यांच्याकडे अजून गणपती बसतो. हिंदू कुटुंबांच्या वडापाव-पावभाजीच्या गाड्यांचे व्हिडिओ अलीकडे इकडे फिरले, तेव्हा अनेकांना ही माणसं तिथे आहेत हेच पहिल्यांदा कळलं.

फाळणीत पंजाब आणि बंगाल तुटले, सिंध अख्खा पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना तोडून निघण्याची घाई सुरुवातीला वाटली नव्हती. ६ जानेवारी १९४८ला कराचीत दंगल झाली आणि चित्र बदललं. मग बोटींवर गर्दी उसळली. काही ओखा-पोरबंदरला उतरले, बहुतेक मुंबईला. तिथून त्यांची रवानगी झाली कल्याणच्या पुढे, दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बांधलेल्या बराकींमध्ये. हाच कल्याण कॅम्प. लाखभर माणसं पाच छावण्यांत कोंबली गेली. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथे नव्या नगराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून उल्हासनगर नाव मिळालं. कागदावर नाव बदललं; बोलण्यात मात्र पत्ता सांगताना आजही ‘कॅम्प दोन’, ‘कॅम्प तीन’च येतं. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ साली मुंबईत जयहिंद कॉलेज काढलं. ते चर्चगेटला आहे, पण त्याच्या मुळाशी तीच बोट आहे.

तेव्हा कुणालाही वाटलं नव्हतं की मागची वाट बंद होतेय. घराच्या किल्ल्या शेजाऱ्याकडे देऊन आलेल्यांच्या कहाण्या उल्हासनगरात घरोघर ऐकायला मिळतात; त्यांत थोडी भर पडली असेल, पण सगळ्याच खोट्या नसतील. वाट मात्र टप्प्याटप्प्याने अरुंद होत गेली. जुलै १९४८मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परमिट लागू झालं. ऑक्टोबर १९५२मध्ये पासपोर्ट आणि व्हिसा आला. बोट चालू होती, विमान चालू होतं, गाडी चालू होती. फक्त चढण्याआधी दाखवायचा कागद दर काही वर्षांनी जाड होत गेला. १९६५च्या युद्धात राजस्थानच्या वाळवंटातून मुनाबाव–खोखरापार असा जाणारा रेल्वेमार्ग तुटला तो चाळीस वर्षं.

हवाई मार्गाच्या तारखा पाहिल्या की तो बंद होणं हे अपवाद नाही, ठरावीक अंतराने येणारं दुखणं आहे हे कळतं. ३० जानेवारी १९७१ला ‘गंगा’ नावाचं भारतीय विमान लाहोरला पळवून नेऊन जाळलं गेलं आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आपलं आकाश बंद केलं. ते पुन्हा उघडायला १९७६ उजाडलं. संसदेवरच्या हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२पासून दोन्ही बाजूंची विमानं बंद. बरोबर दोन वर्षांनी, १ जानेवारी २००४ला, पुन्हा सुरू. मग काही बरी वर्षं आली. १८ फेब्रुवारी २००६ला थार एक्स्प्रेस धावली, जोधपूरच्या भगत की कोठीहून कराचीच्या वाटेवर, आठवड्यातून एकदा. अंबरनाथ-उल्हासनगरच्या माणसासाठी ही सोयीची गोष्ट होती : जोधपूरपर्यंत आपली गाडी, पुढे ही. २००८ साली मात्र मुंबईवरच्या हल्ल्याचा २६ नोव्हेंबर आला. हल्लेखोर दहा होते आणि ते कराचीहून समुद्राने आले होते, वाटेत ‘कुबेर’ हे मच्छिमारांचं जहाज ताब्यात घेऊन. मुंबई–कराची सागरी अंतर मुंबईकराच्या मनात कायमचं कोरलं गेलं ते त्या रात्री, आणि या मार्गाबद्दल लिहिताना ते बाजूला ठेवून गोडगोड लिहिणं मला तरी जमणार नाही. रस्ते बंद करणाऱ्यांकडे कारणं असतात.

तरीही विमान लगेच थांबलं नाही. शेवटच्या वर्षांत हा मार्ग पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्स एकटीच चालवत होती आणि तिने तो मे २०१७मध्ये बंद केला. त्या महिन्यात आकाश बंद नव्हतं, युद्ध नव्हतं. पुरेसे प्रवासीच नव्हते. या सगळ्या आढाव्यात मला ही एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि बातम्यांत ती सर्वांत कमी येते. आपण विमानं बंद होण्याचं खापर हल्ल्यांवर आणि हवाईबंदीवर फोडतो. मुंबई–कराची मार्ग त्याआधीच व्हिसाच्या खिडकीशी मेला होता.

तो कसा? भारताची कराचीत वकिलात होती. डिसेंबर १९९४मध्ये ती बंद झाली. त्या दिवसापासून कराचीच्या माणसाला मुंबईला यायचं तर आधी इस्लामाबाद. म्हणजे जे शहर मुंबईपेक्षा लांब, अकराशे किलोमीटर उत्तरेला, तिथे कागद पाठवायचे, तिथून उत्तराची वाट पाहायची आणि मग दक्षिणेला पावणेनऊशे किलोमीटर यायचं. उल्हासनगरच्या माणसाची तऱ्हा तीच. मुंबईत पाकिस्तानचं कार्यालय नाही, अर्ज दिल्लीत. मलबार हिलवरचा जिनांचा बंगला वकिलातीसाठी द्यावा ही पाकिस्तानची मागणी जुनी आहे, आणि ती मान्य होणार नाही हेही जुनंच. २००४च्या जूनमध्ये दोन्ही देशांनी संयुक्त निवेदनात मुंबई आणि कराचीतल्या वकिलाती पुन्हा उघडण्याचं ठरवलं. उघडल्या नाहीत.

व्हिसा मिळाला तरी तो देशाचा नसायचा, गावांचा असायचा. ठरावीक शहरांची नावं त्यावर लिहिलेली असायची. तीच तेवढी बघायची. २०१२च्या करारात शहरांची संख्या तीनवरून पाच झाली, त्याचं तेव्हा केवढं कौतुक झालं होतं. उल्हासनगर लिहिलं असेल तर अंबरनाथला मावशीकडे जाता येतं का, हा प्रश्न लोकल गाडीत हास्यास्पद वाटतो, कारण दोन स्टेशनं लागून आहेत. पण नगरपालिका वेगळी, पोलिस ठाणं वेगळं, आणि पोचल्यावर चोवीस तासांत ठाण्यात हजेरी. एवढं करून कोण येणार? सत्तरीची बहीण भावाला भेटायला यायची, एखादा आजारी माणूस उपचाराला यायचा. धंदेवाला यायचा नाही. सहलीला तर कुणीच यायचं नाही, कारण पर्यटनासाठी व्हिसा हा प्रकार या दोन देशांत जवळपास नाहीच. ज्या मार्गावर धंदेवाले नाहीत आणि पर्यटक नाहीत तो मार्ग जगातली कुठलीही कंपनी चालवणार नाही, मग तो दीड तासाचा असो की पाऊण.

यात्रेकरूंचं वेगळं आहे. १९७४च्या दोन देशांमधल्या करारामुळे ठरलेल्या तीर्थांना गटागटाने जाता यायचं. सिंधमध्ये घोटकीजवळचा शदाणी दरबार, सक्करला सिंधू नदीतल्या बेटावरचं साधबेलो, ही सिंधी माणसाची मोठी ठिकाणं. भारतातले जत्थे तिकडे जायचे, पण वाट कुठली? वाघा. कल्याणहून गाडीत बसून उत्तरेला सुमारे एकोणीसशे किलोमीटर अमृतसर, चालत सीमा ओलांडून लाहोर, आणि तिथून पुन्हा दक्षिणेला उलटं सिंधमध्ये. नकाशावर बोट फिरवून पाहा : निघालो तिथून जवळच असलेल्या जागी पोचायला इंग्रजी यू अक्षर उलटं काढावं लागतं. याच वाटेने कराचीपर्यंत जायचं म्हटलं तर तीन हजार किलोमीटरच्या वर होतात.

ही वाट सर्वांत क्रूर वाटते ती मच्छिमारांच्या बाबतीत. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. समुद्रात रेघ आखलेली नसते. सर क्रीकचा वाद तर अजून मिटलेलाच नाही. पाकिस्तानची सागरी पोलिस यंत्रणा बोट पकडते आणि ही पोरं कराचीच्या मलीर तुरुंगात जातात. शिक्षा सहसा काही महिन्यांची असते, मुक्काम वर्षांचा होतो, कारण नागरिकत्वाची खातरजमा दिल्लीहून इस्लामाबादला आणि तिथून कराचीला फिरत बसते. सुटकेचा दिवस आला की त्यांना समुद्राने परत पाठवत नाहीत. कराचीहून बाराशे किलोमीटर लाहोर, वाघा, अमृतसर, मग गाडीने गुजरात आणि शेवटी पालघर. बोट मात्र तिकडेच राहते. तिकडच्या मच्छिमारांना आपण पकडतो तेव्हाही हाच फेरा, फक्त उलट दिशेचा.

मग कराचीतला भाऊ आणि उल्हासनगरातली बहीण भेटतात कुठे? दुबईत. मुंबई–दुबई तीन-सव्वातीन तास, दुबई–कराची दोन तास. दोन्ही टप्पे मिळून ३,१०० किलोमीटरच्या पुढे, म्हणजे सरळ अंतराच्या साडेतीनपट. मधला थांबा वेगळा. पण दुबईचा व्हिसा दोघांनाही मिळतो आणि तिथे कुणी पोलिस ठाण्यात बोलावत नाही. सिंधी व्यापाऱ्यांची दुबईशी ओळख तर फाळणीच्याही आधीची. त्यामुळे लग्नाच्या बोलण्या, वडिलांच्या मिळकतीची वाटणी, पहिल्यांदा नातवंडं दाखवणं, ही सगळी कामं तिथल्या हॉटेलांत होतात. मालाचंही तेच चालायचं : इकडून निघालेला माल दुबईत कागद बदलून तिकडे जायचा, हे बाजारातलं उघड गुपित. पूर्वी हीच वाट समुद्राने होती. ब्रिटिश इंडिया कंपनीची ‘द्वारका’ ही प्रवासी बोट मुंबईहून कराचीला लागून आखातात जायची, १९८२पर्यंत. तिच्यावर बसलेल्याला दुबई लांब आणि कराची जवळ होती. आता लांबची वाट हीच एक वाट उरली.

दोन शत्रुवत शेजाऱ्यांमध्ये असंच होतं, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण हाँगकाँग–तैपेई पाहा. अंतर आठशे किलोमीटर, मुंबई–कराचीसारखंच, आणि तो जगातल्या सर्वांत गजबजलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गांपैकी एक. त्या गर्दीचं एक कारण असं, की चीन आणि तैवान यांच्यात अनेक दशकं थेट विमानं नव्हती, आणि एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेल्या त्या दोघांमधला प्रवासी हाँगकाँगला उतरून विमान बदलायचा. म्हणजे आपली दुबईच. २००८ साली त्यांनी थेट उड्डाणं सुरू केली. वाद मिटला नाही, आजही मिटलेला नाही, विमानं उडतात. दुसरं टोक सोल आणि प्योंगयांगचं : दोनशे किलोमीटरही नाहीत, आणि नियमित विमान एकही नाही. आपण या दोन टोकांमध्ये कुठे बसतो हे वर्षागणिक बदलत आलंय, आणि सध्या कोरियाच्या बाजूला सरकलो आहोत.

कारण २०१९ आणि २०२५. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने फेब्रुवारी २०१९मध्ये आकाश बंद केलं, ते जुलैच्या मध्यात उघडलं. ऑगस्टमध्ये काश्मीरच्या निर्णयानंतर थार एक्स्प्रेस थांबली ती थांबलीच. २२ एप्रिल २०२५ला पहलगामचा हल्ला झाला. दोनच दिवसांत पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानी विमानांना केलं, आणि ही बंदी मग महिन्या-महिन्याने लांबवली जाऊ लागली. अटारीचं फाटक लागलं, बहुतेक व्हिसे रद्द झाले. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या सिंधी हिंदूंना वगळलं होतं, तरी त्या आठवड्यात उल्हासनगरात कागदांच्या फाइली घेऊन धावपळ झालीच. मे महिन्याच्या सुरुवातीला पाकिस्तानातून येणारं टपाल आणि पार्सलंही बंद झाली. टाटा १९३२ साली ज्या कारणासाठी कराचीहून उडाले होते तेच थांबलं. विमानाचं सोडा, साधं पाकीट येईना.

‘आकाश बंद’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर रिकामं आकाश येतं, ते खरं नाही. बंदी आहे ती एकमेकांच्या विमानांवर. दुबई-दोहाहून दिल्लीला येणारी परदेशी विमानं पाकिस्तानावरून येत राहिली. मुंबई आणि कराची या दोन्ही हवाई नियंत्रण केंद्रांच्या हद्दी अरबी समुद्रावर एकमेकींना लागून आहेत. विमान एका हद्दीतून दुसरीत गेलं की इकडचा नियंत्रक तिकडच्याच्या हवाली करतो. हे काम युद्धाच्या तोंडावरही पूर्ण थांबत नाही, थांबवताच येत नाही. आणि संकटात सापडलेल्या विमानाला तर धावपट्टी द्यावीच लागते. ५ जुलै २०२२ला दिल्लीहून दुबईला निघालेलं एक भारतीय विमान बिघाडाची शंका आल्याने कराचीत उतरलं. प्रवाशांना तिथल्या विमानतळावर चहापाणी मिळालं, दुसरं विमान आलं, ते दुबईला गेले. व्हिसाशिवाय कराचीला जाऊन आलेले असे भारतीय फार नसतील.

हा मार्ग पुन्हा सुरू झाला तर त्यावर बसेल कोण, हा प्रश्न भावनेने सोडवायचा नाही. कॅम्पातली जी पिढी कराचीत जन्मली तिच्यातली मोजकी माणसं उरली आहेत, आणि त्यांच्या नातवंडांना टोरांटो कराचीपेक्षा जास्त ओळखीचं आहे. नाती आता आहेत ती कराचीपेक्षा सक्कर, घोटकी, शिकारपूरकडची, आणि ती बहुधा एकाच दिशेची : तिकडून इकडे येऊन राहू पाहणाऱ्यांची. तरीही आठवड्यातून दोनदा सत्तर आसनी टर्बोप्रॉप विमान भरेल एवढी माणसं या पट्ट्यात आहेत, असं मला वाटतं : कल्याण ते बदलापूरचे सिंधी, मुंबईचे पारशी, मेमन आणि बोहरी ज्यांची अर्धी घरं अजून तिकडे आहेत, कोकणी मुसलमान. टर्बोप्रॉपला जेटपेक्षा अर्धा-पाऊण तास जास्त लागेल, त्याने काही बिघडत नाही. डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झाला आहे, तो अंबरनाथकरांना सांताक्रूझपेक्षा जवळचा. पण विमानाची मागणी करणाऱ्यांनी क्रम नीट लावायला हवा. २००४मध्ये विमान आधी आलं, वकिलाती आल्याच नाहीत, आणि तेरा वर्षांत विमान रिकामं होऊन गेलं. पुढच्या खेपेला कराचीत भारताचं आणि मुंबईत पाकिस्तानचं व्हिसा कार्यालय आधी उघडलं, व्हिसावर गावांऐवजी निदान जिल्ह्यांची नावं लिहिली, तरच कुठल्याही कंपनीने या मार्गाचा हिशेब मांडायला घ्यावा.